इंडियन ओशन

इंडियन ओशन : रॉक, जॅझ, हिंदुस्थानी रागसंगीत आणि लोकसंगीत यांचा संगम साधणारा दिल्लीचा वाद्यवृंद. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये तो स्थापन केला. पुढे राहुल राम (बास गिटार) आणि अमित किलम (ड्रम्स) आल्यावर चौकडी पूर्ण झाली.

पहिला अल्बम १९९३ मध्ये निघाला. ‘डेझर्ट रेन’ (१९९७) हा अल्बम प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून घडला, तर ‘कंदीसा’ने (२०००) देशभर कीर्ती मिळवून दिली. त्याचे शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन स्तोत्रावर आधारलेले आहे. याच अल्बममधील ‘मा रेवा’ हे नर्मदेचे लोकगीत राहुल राम यांना नर्मदा बचाओ आंदोलनात काम करताना गवसले. ‘झीनी’त (२००३) कबीराची वाणी येते. ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘मसान’ या चित्रपटांनाही या वृंदाचे संगीत आहे.

मांडी घालून तबला वाजवता वाजवताच खुल्या, खड्या आवाजात गाणारे असीम ही या वृंदाची ओळख होती. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज असलेला ‘१६/३३० खजूर रोड’ (२०१०) हा अल्बम वृंदाने रसिकांना विनामूल्य दिला. त्याचे नाव तालमीच्या घराच्या पत्त्यावरून ठेवले आहे. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, तरी नव्या साथीदारांसह वृंदाची वाटचाल सुरू राहिली.

पाश्चात्त्य रॉकची नक्कल न करता भारतीय भाषांत, आपल्या मातीतले रॉक उभे राहू शकते, हा विश्वास नंतरच्या पिढीला देणे हे इंडियन ओशनचे मोठे योगदान होय.