रूप पालटावे, खूण नाही

संगणकाचा पडदा आपण दिवसातले कित्येक तास पाहतो. खिडक्यांच्या चौकटी, बटणांचे कोपरे, फोल्डरचे चिन्ह, माउसचा बाण, सारे कुणीतरी विचार करून ठरवलेले असते. ते आपल्यालाही वेगळे ठरवता यावे आणि आपण ठरवलेले इतरांना वापरता यावे, या इच्छेतून डेस्कटॉप थीमचे क्षेत्र उभे राहिले. बहुतेक जण त्याला फावल्या वेळचा छंद समजतात. मला ती आरेखनाची एक अवघड शाखा वाटते. थीमकाराला दुसऱ्याने बांधलेल्या घरात काम करायचे असते. भिंती हलवायच्या नाहीत, दारे बुजवायची नाहीत आणि तरीही राहणाऱ्याला ते घर आपले वाटले पाहिजे.

या इच्छेचा इतिहास जुना आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशची चिन्हे सुझान केअर यांनी मोजक्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बसवली, आणि त्याच यंत्रावर वापरणाऱ्यालाही पार्श्वभूमीची नक्षी ठिपका-ठिपका करून बदलता येत होती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तयार रंगसंगती होत्या. १९९५ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट प्लस’ने वॉलपेपर, चिन्हे, बाण आणि आवाज यांची एकत्र मोट बांधून तिला ‘थीम’ म्हटले. २००१ च्या विंडोज एक्सपीचे रूप तर पुरते बदलता येण्याजोगे होते, पण मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी असलेल्या शैलीच ती प्रणाली स्वीकारी. हौशी मंडळींना त्यासाठी प्रणालीच्या फाइलमध्येच फेरफार करावा लागे.

लिनक्सवर असा अडसर नव्हता. तिथे १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे डेस्कटॉपचे प्रकल्प सुरू झाले. त्यांचा कोड सर्वांसाठी खुला होता, त्यामुळे रूप बदलायला कुणाची परवानगी लागत नव्हती. थीमची रचना, तिची देवाणघेवाण आणि तिच्यावरून झालेले वाद हे सगळे इथे उघड्यावर पाहायला मिळते. म्हणूनच या विषयात नव्याने येणाऱ्याने अभ्यासाची सुरुवात लिनक्सपासून करावी, असे मी सुचवतो.

थीम नावाची एकच वस्तू नसते, हे आधी लक्षात घ्यावे. खिडकीची चौकट, आतली बटणे व याद्या, चिन्हे आणि बाण यांची सूत्रे वेगवेगळी असतात. ग्नोमची बटणे ज्या जीटीके संचातून येतात, त्याच्या २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून रूपाचे नियम सीएसएस या वेबपानांच्या सजावटीच्या भाषेत लिहिले जाऊ लागले. ज्याने कधी वेबपान सजवले आहे, त्याच्या हाती इथली अर्धी किल्ली आधीच असते. चिन्हांची व्यवस्था तर विशेष अभ्यासण्याजोगी आहे. फ्रीडेस्कटॉप या सामायिक मानके ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतानुसार प्रत्येक चिन्हाला ठरलेले नाव असते. ‘एडिट-कॉपी’ या नावाचे चित्र तुमच्या संचात नसेल, तर प्रणाली ते तुम्ही सांगितलेल्या मूळ संचात शोधते आणि अखेर ‘हायकलर’ या सर्वांच्या सामायिक संचात पाहते. या वारशामुळेच एकटा माणूस चाळीस चिन्हे काढूनही पुरी थीम देऊ शकतो.

नवख्याची चूक बहुधा रंगाच्या निवडीत नसते, अवस्था विसरण्यात असते. एकाच बटणाची किमान पाच रूपे लागतात: साधे, बाण वर आलेले, दाबलेले, निष्क्रिय आणि कीबोर्डने निवडलेले. शेवटचे रूप पुसट झाले, की माउस न वापरणारा माणूस वाट चुकतो. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका तेजाचा फरक असावा, हा वेबसाठीचा सुगम्यतेचा दंडक इथेही पाळावा.

आपल्या लिपीची कसोटी याहून कडक आहे. रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बटणाची उंची पक्की केली, की ‘सर्वांसाठी’मधला रफार आणि अनुस्वार वर कापला जातो, तर ‘दुरुस्ती’मधल्या ‘दु’चा उकार खाली. मजकुराखाली ओढलेली रेघही अशा उकारांना छेदते. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्त’सारखा खुला फाँट लावून मराठी मेनू तपासला, की हे दोष लगेच दिसतात. मराठी थीमकार या क्षेत्रात इतका एक आग्रह घेऊन आला, तरी त्याचा लाभ देवनागरीच्या प्रत्येक वाचकाला होईल.

या क्षेत्रातला मोठा वाद टाळून पुढे जाता येणार नाही. २०१९ मध्ये ग्नोमसाठी ॲप लिहिणाऱ्या काही जणांनी खुले पत्र काढले. लिनक्सचे वितरक परस्पर थीम लावतात, त्याने आमची ॲप बिघडतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ च्या ग्नोम ४२ पासून नव्या पद्धतीची ॲप नेहमीच्या मार्गाने लावलेली थीम मानत नाहीत. केडीईने मात्र बदलाची मोकळीक राखली. ॲप लिहिणाऱ्याची तक्रार खरी आहे आणि वापरणाऱ्याची इच्छाही रास्त आहे. दोघांच्या मधली जागा थीमकाराची. त्याने रूप पालटावे, पण धोक्याची खूण धोक्याचीच दिसली पाहिजे आणि बंद बटण बंदच.

वाटणे हाही या विद्येचा भाग आहे. दुसऱ्याच्या संचावर काम उभारले, तर त्याचे श्रेय आणि त्याच्या परवान्याची अट दोन्ही पाळावीत. शिवाय थीम म्हणजे नुसती चित्रे, असे गृहीत धरू नये. सगळे रूप एकदम पालटणाऱ्या केडीईच्या ग्लोबल थीमसोबत चालणारा कोडही येऊ शकतो, आणि मार्च २०२४ मध्ये अशी एक थीम बसवताना एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. आपण देतो ते आधी आपल्या यंत्रावर वापरून पाहणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याचे मनापासून स्वागत. पहिला धडा लहान ठेवा. आवडत्या थीमची प्रत घ्या आणि निवडलेल्या ओळीचा फक्त एक रंग बदला. त्यावर आठवडाभर रोजचे काम करा, दुपारच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली मराठी मजकूर वाचा. डोळ्यांनी तक्रार केली नाही, तर परवाना जोडा, मूळ कर्त्याचे नाव लिहा आणि ती शेजारच्याच्या संगणकावर लावून पाहा. तो न विचारता काम करू लागला, तर पुढचा रंग हाती घ्या.