मुरूम, स्नो आणि पॅनकेक

मराठीत चेहऱ्यावरच्या पिंपल्सना दोन शब्द आहेत. एक पुस्तकी, तारुण्यपिटिका. दुसरा आपला रोजचा, मुरूम. पहिल्या शब्दात वयाची अटच घालून ठेवली आहे. म्हणजे तारुण्य ओसरलं की पिटिकांनीही गुपचूप निघून जावं. आयुर्वेदातलं 'युवानपिडका' हे नावही त्याच अर्थाचं. त्यामुळे विशी संपत आली, नोकरीला पाच-सहा वर्षं झाली आणि तरी गालावर लाल पुळ्या येतच राहिल्या, तर त्याला मराठीत धड शब्दच नाही. डॉक्टर 'अ‍ॅडल्ट अ‍ॅक्ने' म्हणतात. आमच्या भांडगावात म्हणतात, "लग्न झालं की जातील."

(भांडगाव म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडलं की लागतं ते. दौंड तालुका. तिथे मुरूम म्हटलं की लोकांना आधी रस्त्यावर टाकायचा लालसर मुरूम आठवतो. तो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.)

आता मूळ मुद्दा. माझ्यासारख्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला रोज व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच लाल चेहरा बघायचा नसेल आणि तो लालपणा जरासा दबावा म्हणून त्याला एखादा अगदी पातळ थर लावायचा असेल, तर त्यात एवढं लाजण्यासारखं काय आहे? हा प्रश्न घेऊन मी गेले काही वीकएंड वाचत बसलो आणि एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. महाराष्ट्रात चेहऱ्याला रंग लावण्याच्या इतिहासाचा बराच मोठा भाग पुरुषांचाच आहे.

संगीत नाटकाचा काळ घ्या. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. शकुंतला, भामिनी, सिंधू या सगळ्या भूमिका पुरुषाने केलेल्या. घरंदाज बायका त्यांच्याकडे बघून साडी कशी नेसायची, गजरा कसा माळायचा हे ठरवत. तमाशातही नाच्या पोऱ्या होताच. बायका फडावर ठळकपणे दिसू लागल्या त्या पठ्ठे बापूरावांच्या जोडीला पवळा उभी राहिली त्या सुमाराला. आमच्या गावाच्या पुढे चौफुल्याला लावणीची कला केंद्रं आहेत. तिथे आजही रंग लावणं हे पोटापाण्याचं काम आहे. पण रंगाचा आणि फडाचा संबंध एकदा जोडला गेला की तोच रंग घरात लावणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागतात. ही नजर अजून पूर्ण गेलेली नाही.

रंगमंचावरचा रंग जाडच असायचा. कारण तो गालाच्या भल्यासाठी नव्हताच, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी होता. अंतर जास्त, उजेड कमी, त्यामुळे थर जाड. साधं गणित.

मग सिनेमा आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, जे आधी एका हॉटेलात स्वयंपाकी होते. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम पण तेच आणि सीता पण तेच. डबल रोल म्हणजे असा! :)

इथे एक तांत्रिक भानगड आहे आणि ती आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. म्हणजे निळा आणि हिरवा प्रकाश तिला कळायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. जे दिसत नाही ते पडद्यावर काळं. म्हणून गालावरची साधी लाल पुळीसुद्धा काळा डाग होऊन दिसायची. त्यावर एकच उपाय, सगळा चेहरा जाड रंगाने लिंपून टाकायचा.

१९२०च्या दशकाच्या शेवटी शेवटी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली. तिला सगळे रंग कळायचे. लगेच हॉलिवूडच्या मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी वेगळा, अधिक नैसर्गिक छटांचा मेकअप तयार केला. नंतर टेक्निकलर आल्यावर त्याने पॅन-केक आणला. ओल्या स्पंजने लावायची ही वडी जुन्या तेलकट रंगापेक्षा पातळ बसायची. १९३८ च्या सुमारास ती बाजारात आली आणि नट्यांपाठोपाठ साध्या बायकांनीही तिच्यावर उड्या मारल्या. आपल्याकडे 'पॅनकेक' हा शब्द इतका मुरला की शाळेच्या गॅदरिंगलाही मेकअपवाले काका तोच लावायचे. चेहरा गुलाबी, मान सावळी. ज्यांनी गॅदरिंगमध्ये शिवाजी किंवा मावळा केला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

थोडक्यात काय, तर थर किती जाड हे गालाने कधी ठरवलंच नाही. ते ठरवलं उजेडाने, फिल्मने आणि बघणाऱ्याने.

आता घरातली बाजू बघू. १९१९ मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो काढला. आपल्या आज्या-पणज्यांच्या ट्रंकेत निळी बाटली असायची ती हीच. 'स्नो' म्हणजे मुळात स्टिअ‍ॅरिक आम्ल, थोडा अल्कली, ग्लिसरीन आणि भरपूर पाणी. पाणी उडून जातं आणि त्वचेवर एक फिकट, कोरडा पापुद्रा राहतो. तेलकटपणा झाकतो, लाली झाकत नाही. उलट सावळ्या गालावर राखेसारखा दिसतो. १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, पण ते आलं आहे आपल्या 'लक्ष्मी'वरून. १९६१ पासून सिमोन टाटांनी ती कंपनी वाढवली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात लिपस्टिक आणि कॉम्पॅक्ट शिरलं ते या वाटेने. पण बायकांच्या पर्समध्ये. पुरुषासाठी काय, तर तुरटी आणि पावडर.

आणि मग येतं १९७५ साल. या एकाच वर्षी दोन ट्यूब बाजारात आल्या. एक हिंदुस्तान लिव्हरची फेअर अँड लव्हली (२०२० मध्ये तिच्या नावातून 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं). दुसरी आपल्या पेंढरकरांची विको टर्मरिक. केशव विष्णू पेंढरकरांनी विको कंपनी १९५२ मध्ये मुंबईत परळला सुरू केली होती. हळद आणि चंदनाचं तेल असलेली ही क्रीम त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या काळातली. तिची जाहिरात ठासून सांगायची की हे सौंदर्यप्रसाधन नाही.

हे नुसतं जाहिरातीपुरतं नव्हतं बरं का. प्रसाधनावरचा अबकारी कर औषधापेक्षा कितीतरी जास्त होता. खातं म्हणालं, हे प्रसाधन आहे. कंपनी म्हणाली, आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, घटक ग्रंथांतले आहेत, लोक औषध म्हणूनच लावतात. सत्तरीच्या दशकात सुरू झालेला हा वाद मुंबई हायकोर्टातून दिल्लीपर्यंत गेला आणि २००० नंतर सुप्रीम कोर्टात कंपनीच्या बाजूने संपला. इतकी वर्षं नामवंत वकील एकाच प्रश्नावर भांडत होते. गालावर लावलेली क्रीम औषध की शृंगार?

मला वाटतं आपल्या समाजानेही हा खटला मनातल्या मनात चालवला आणि निकाल कधीच देऊन टाकला. पुरुषाने गालावर काही लावलं तर ते औषध असलं पाहिजे. औषध असेल तर सगळं चालतं. रंग असेल तर "हे काय बायकांसारखं?"

या निकालाची किंमत आहे आणि ती मोठी आहे. विकोसारख्या हळदीच्या क्रीमबद्दल मी बोलत नाहीये. मी बोलतोय मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या ट्यूबबद्दल. आमच्या भागातली कितीतरी पोरं चिठ्ठीशिवाय "ती गोरं व्हायची, पिंपल्सची" ट्यूब घेऊन येतात. पहिले आठ-पंधरा दिवस चमत्कार. लाली गायब, चेहरा साफ. कारण स्टिरॉइड सूज दाबतं. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि पुळ्या दामदुप्पट होतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा लाल. म्हणून परत ट्यूब. प्रोग्रामरच्या भाषेत इन्फिनिट लूप, बाहेर पडायची कंडिशनच लिहिलेली नाही. या प्रकाराला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नावच दिलं आहे, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर लूप तुटला. काउंटरवर किती तुटला ते तुम्हीच बघा.

विरोधाभास बघा. ज्या पोराला पातळसा रंग लावायची लाज वाटते, तोच पोरगा सहा महिने स्टिरॉइड चोपडतो आणि त्याला त्यात काहीच गैर वाटत नाही. का? तर ते 'औषध' आहे.

आता कुणी म्हणेल, मेकअपनेही पिंपल्स येतातच की. बरोबर आहे. क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ मध्येच त्याला 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असं नाव दिलं. जाड, तेलकट थर रोज लावला की रंध्रं तुंबतात. ते झाकायला आणखी जाड थर. हाही लूपच. म्हणूनच तर 'पातळ' या शब्दाला महत्त्व आहे.

आणि पातळ थराचा वंश रंगमंचावरून आलेलाच नाही, तो दुखऱ्या त्वचेवरून आलेला आहे. अमेरिकेत लिडिया ओ'लिअरी नावाच्या बाईच्या चेहऱ्यावर जन्मापासून मोठा जांभळट-लाल डाग होता. त्यापायी नोकरी मिळेना. तिने स्वतःच झाकणारी क्रीम तयार केली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. तीच कव्हरमार्क. पुढे १९६०च्या दशकात जर्मनीत क्रिस्टीन श्रामेक या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी उपचारानंतर लाल झालेली त्वचा झाकायला आणि शांत ठेवायला एक रंगीत क्रीम बनवली. कोरियाने ती उचलली आणि आज आपण तिला बीबी क्रीम म्हणतो. औषध की रंग, हा प्रश्न या बायांनी सोडवलाच नाही. दोन्ही एकाच डबीत घातलं आणि मोकळ्या झाल्या.

मग करायचं काय? आधी त्वचारोगतज्ज्ञ. अ‍ॅडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड वगैरे त्यांनी ठरवावं. झाकणं म्हणजे उपचार नव्हे. दिवसा सनस्क्रीन, शक्यतो रंग असलेलं. लाली फारच असेल तर तेवढ्याच जागी हिरवट करेक्टरचा ठिपका, कारण रंगचक्रात हिरवा लालच्या समोर येतो आणि त्याला मारतो. वरून आपल्या कातडीच्या छटेचा थर, पण जिथे लाल तिथेच, बोटाने दाबून, घासून नाही. छटा जबड्यापाशी दिवसाच्या उजेडात तपासायची, नाहीतर पुन्हा गॅदरिंगचा मावळा. रात्री धुवून टाकायचं. लांबून दिसत नाही आणि जवळून फारसं कळत नाही, एवढं पुरे.

या थरात असतं काय? पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळं, लाल, काळं असे तीन आयर्न ऑक्साइड. यांच्या कमी-जास्त मिश्रणातून गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा निघतात. शिवाय हे आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही थोपवतं. आपल्यासारख्या कातडीवर पुळी गेल्यावर जो काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, तो या प्रकाशाने आणखी गडद होतो. म्हणजे रंग इथे थोडं औषधाचंही काम करतो. अबकारी खात्याला सांगू नका.

आणि भांडगावच्या रस्त्यावरचा मुरूम लाल का दिसतो? आयर्न ऑक्साइडमुळेच. कुंड्यांना लावायचा गेरूही तोच. म्हणजे एका मुरमातला रंग दुसरा मुरूम झाकायला येतो. आमच्या गावात ज्याचे डंपरच्या डंपर रस्त्यावर ओततात, त्यातलं चिमूटभर गालावर लावायला एवढा विचार कशाला करायचा?

असो. सोमवार आला. स्टँडअप सकाळी दहाला आहे, कॅमेरा ऑन.