जुना बास, नवा बास : नाद नेमका कशाने बदलतो?

जुन्या बास गिटारचा गोडवा मुरलेल्या लाकडात असतो, असे वादकमंडळी छातीठोकपणे सांगतात. लाकडाचा वाटा शून्य नाही. पण भरीव अंगाच्या या वाद्यात पिकअप पोलादी तारेचे कंपन थेट टिपतो. त्यामुळे पहिला संशय तारेवर आणि तिच्यामागच्या विद्युत्-मंडलावर घ्यायला हवा.

1951 च्या फेंडर प्रिसिजनने 34 इंची तार रूढ केली. या बासचा पिकअप पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारा. त्याचे वेटोळे आणि केबलची धारिता मिळून एक चाळणीच तयार होते : केबल जितकी लांब, तितके वरचे स्वरांश अधिक गळतात. टोनची कळ फिरवून चकाकी कमी करता येते, वाढवता येत नाही. 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप आला, केबलचा हा जाच संपला आणि खर्ज व तीव्र स्वर वाढवण्याचीही सोय झाली. (केबल रात्रभर खोचून ठेवली, की बॅटरी मात्र उतरते.)

तारेचा परिणाम याहून मोठा. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन 1962 च्या प्रिसिजनवर सपाट वेष्टणाच्या तारा वापरी, आणि त्या क्वचितच बदली. त्याच वाद्यावर गोल वेष्टणाच्या कोऱ्या तारा चढवा. निम्मा ‘जुना आवाज’ तिथेच उडून जातो.

पाचतारी बासचा खालचा बी स्वर जवळपास 31 हर्ट्झचा. त्यासाठी लागणारी जाड तार ताठ असते, म्हणून तिचे वरचे स्वरांश किंचित चढे लागतात आणि स्वर गढूळ होतो. तारेची लांबी 34 ऐवजी 35 इंच केली, तर त्याच तारेवर त्याच स्वराला ताण सुमारे 6 टक्के वाढतो. फरक थोडा, पण कानाला कळतो.

लाकूड खरे बोलते ते नेकमध्ये. फेंडर धाटणीच्या बासवर जी तारेचा पाचव्या ते सातव्या फ्रेटमधला एखादा स्वर चटकन विझतो, कारण नेकची स्वतःची कंप्रता त्याच्याशी जुळते आणि तारेची ऊर्जा नेक शोषून घेतो. माथ्याला छोटे वजन अडकवले, की ही मुकी जागा सरकते. 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने माथाच काढून टाकला आणि कार्बन तंतूंचा ताठ नेक वापरला. स्वर सारखे टिकू लागले, तरी काही कानांना ते जरा जास्तच घोटीव वाटतात.