जुना सार्वजनिक जलतरण तलाव: दुरुस्ती, पुनर्बांधणी की खासगी हाती?

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की जलतरण तलावांच्या बॅच भरतात. नेमक्या त्याच वेळी एखाद्या सार्वजनिक तलावाच्या फाटकावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागते, आणि मग चर्चा सुरू होते. तलाव दुरुस्त करायचा, पाडून नवा बांधायचा, कंत्राटदाराला चालवायला द्यायचा, की ती जागा दुसऱ्याच कामासाठी वापरायची?

हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. प्रत्यक्षात बांधकामाचा खर्च एकदाच होतो, तलाव चालवण्याचा खर्च मात्र रोज होतो. तो कोण उचलणार, यावरून पुढची वीस-तीस वर्षे तिथे कोण पोहणार हे ठरते.

निर्णय कोणाचा?

पहिला प्रश्न मालकीचा. नागपुरात सार्वजनिक सुविधा दोन संस्थांकडे विभागलेल्या आहेत: १९५१ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका (मनपा) आणि १९३६ च्या कायद्याने आलेले नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र). उत्तर अंबाझरी मार्गावरचा परिचित जलतरण तलाव नासुप्रच्या नावानेच ओळखला जातो. नासुप्रचे विश्वस्त मंडळ असते, तर मनपात लोकांनी निवडलेले १५१ नगरसेवक. म्हणून तक्रार, निवेदन किंवा माहिती अधिकाराचा अर्ज देण्याआधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे हे पाहावे लागते.

तलाव मनपाचा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. नागपूरला हा कायदा २०१२ पासून लागू आहे. त्यातील कलम ६३ मध्ये मनपाची बंधनकारक कामे आहेत, जसे पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत आणि जलतरण तलाव या दुसऱ्या यादीत येतो. म्हणजे मनपा तलाव बांधू शकते, पण बांधलाच पाहिजे अशी सक्ती नाही. अर्थसंकल्पात ओढाताण झाली की आधी कात्री लागते ती अशाच कामांना.

तलाव जुना होतो म्हणजे काय होते?

तलावाचे आयुष्य चार ठिकाणी झिजते.

- काँक्रीट: पाण्यातले क्लोराइड बारीक भेगांमधून आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट सुटू लागते.
- सांधे: मोठ्या तलावात प्रसरणासाठी सांधे ठेवलेले असतात. त्यांतले भरण कडक होऊन तडकते. पश्चिम नागपुरात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांध्यांवर ताण आणते.
- पाइप: तळाखालच्या लोखंडी वाहिन्या कुजतात. फरशी न फोडता त्या बदलणे अवघड असते.
- फिल्टर आणि पंप: फिल्टरमधली वाळू जुनी होते, पंपाची क्षमता घटते आणि पाणी गढूळ दिसू लागते.

जुना तलाव पावसाळ्यात पूर्ण रिकामा करणेही धोक्याचे असते. भूजल वर आलेले असेल तर ते रिकाम्या टाकीला खालून ढकलते. टाकी चक्क उचलली जाऊ शकते किंवा तळाला तडे जातात. त्यामुळे तपासणीचे वेळापत्रक ठरवतानाही भूजलाची पातळी बघावी लागते.

गळती किती, हे कसे कळते?

५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद तलावाचा पृष्ठभाग १,२५० चौरस मीटर होतो. सरासरी दोन मीटर खोली धरली तर त्यात २५ लाख लिटर पाणी मावते. पातळी एक सेंटिमीटर उतरली की १२,५०० लिटर पाणी गेले. नागपूरच्या मे महिन्यात साधारण एवढी घट दिवसाला बाष्पीभवनानेच होऊ शकते. त्यामुळे उतरलेले सगळे पाणी गळतीचे नसते.

फरक ओळखायची साधी रीत आहे. तलावाच्या पाण्याने भरलेली बादली पायरीवर, निम्मी पाण्यात बुडेल अशी ठेवायची. बादलीतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि २४ तासांनी दोन्ही मोजायच्या. या काळात तलावात पाणी सोडायचे नाही. बादलीतले पाणी फक्त बाष्पीभवनाने उतरते. तलावाची पातळी त्याहून जास्त उतरली असेल तर तेवढी गळती. रोज तीन सेंटिमीटर गळती म्हणजे ३७,५०० लिटर. शहरांसाठीच्या दरडोई १३५ लिटर या मानकाने हे सुमारे २७५ माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले.

गळतीनंतर प्रश्न येतो बांधकामाच्या ताकदीचा. त्यासाठी संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करतात. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी होते, काही ठिकाणी नळीच्या आकाराचे नमुने काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. हा अहवाल हाती नसताना ‘तलाव मोडकळीस आला आहे’ हे विधान आणि ‘थोडी डागडुजी पुरे’ हे विधान, दोन्ही अंदाजच असतात.

समोर कोणते पर्याय असतात?

१. दुरुस्ती. टाकी मजबूत असेल तर आतून नवे जलरोधक अस्तर, नवे सांधे, नवे पाइप आणि नवा फिल्ट्रेशन प्लांट बसवता येतो. हा सहसा सर्वात स्वस्त मार्ग असतो. पण फक्त टाइल्स आणि रंग बदलला, पाइप तसेच ठेवले, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तोच खर्च उभा राहतो.

२. पाडून नवा बांधणे. यात आकार नव्याने ठरवता येतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४.४ लाख लिटर पाणी लागते. मोठ्या तलावाच्या तुलनेत हे जवळपास सहावा हिस्सा आहे. शिकणाऱ्यांना लहान, उथळ तलाव जास्त उपयोगी पडतो. पण राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना ५० मीटरचाच सराव हवा असतो. म्हणून लहान तलाव बांधताना शहरात मोठा तलाव दुसरीकडे कुठे उपलब्ध आहे हे सांगावे लागते.

३. खासगी संस्थेला चालवायला देणे. नागपूरला हा मार्ग नवा नाही. शहराचा पाणीपुरवठा मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी सांभाळते. यात मनपाचा रोजचा खर्च वाचतो, पण कंत्राटदार तो शुल्कातूनच काढतो. मनपाची मालमत्ता भाड्याने द्यायची तर कलम ७९ नुसार बाजारमूल्याची अट येते. भाडे वाढले की पासही महागतो.

करारात काय लिहिले आहे याला इथे फार महत्त्व आहे. अंबाझरी उद्यानाची जागा विकासासाठी खासगी हाती गेल्यावर तिथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडले गेले आणि त्यावरून शहरात दीर्घ आंदोलन झाले. सार्वजनिक जागेचा करार करताना कोणत्या गोष्टीला हात लावता येणार नाही, हे आधीच लिहून घ्यावे लागते.

४. बंद करणे. असा ठराव क्वचितच होतो. तलाव दुरुस्तीसाठी बंद होतो, निविदेला प्रतिसाद मिळत नाही, फेरनिविदा निघते, एक उन्हाळा जातो, मग दुसरा. हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. न्यूयॉर्कचा मॅककॅरन तलाव १९३६ मध्ये सुरू झाला आणि १९८० च्या दशकात बंद पडला. दुरुस्तीला विरोध झाला, कारण तलाव पुन्हा सुरू झाला तर बाहेरच्या वस्त्यांतले लोक येतील अशी काही रहिवाशांची हरकत होती. तो पुन्हा उघडला थेट २०१२ मध्ये, सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून. ग्लासगोमध्ये उलट घडले. २००१ मध्ये गोव्हनहिल स्नानगृहे बंद केल्यावर रहिवाशांनी महिनोन्‌महिने ठिय्या दिला आणि पुढे लोकांच्या विश्वस्त संस्थेने वास्तू वाचवण्याचे काम हाती घेतले.

रोजचा खर्च कशावर होतो?

मोठ्या तलावाचे सगळे पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे लागते. उदाहरणादाखल २५ किलोवॉटचे पंप दिवसाला १२ तास चालतात असे धरू. ३०० युनिट होतात. दहा रुपये दराने दिवसाचे ३,००० आणि महिन्याचे ९०,००० रुपये फक्त पंपांच्या विजेचे. त्यावर क्लोरीन, पाणी, सफाई, प्रशिक्षक आणि दोन्ही वेळचे जीवरक्षक.

क्लोरीनचे गणित उघड्या तलावात आणखी कडक असते, कारण तीव्र उन्हात तो लवकर उडून जातो. पाण्याचा पीएच ७.५ असताना क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारण्याच्या रूपात असतो. पीएच ८ झाला की तो साधारण पावावर येतो. म्हणून नुसती ब्लीचिंग पावडर वाढवून भागत नाही. भारतीय मानक ३३२८ हे तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठीच आहे. डोळे चुरचुरणे आणि उग्र वास हे बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचे नव्हे, तर घाम व लघवीशी त्याचा संयोग झाल्याचे लक्षण असते. पोहण्याआधी अंघोळीची सक्ती असते ती यासाठी.

यंत्रणेकडे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

सरकारी योजनांचा निधी बहुधा बांधकामासाठी मिळतो, जीवरक्षकाच्या पगारासाठी नाही. त्यामुळे उद्घाटन झालेले तलावही काही वर्षांत बंद पडलेले दिसतात.

हा चैनीचा विषय आहे का?

पिण्याच्या पाण्याची ओरड असताना तलाव कशाला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर गळती थांबवणे, पाणी फिल्टर करून तेच वापरणे आणि आकार बेताचा ठेवणे हे आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. ज्यांना क्लबचे सदस्यत्व परवडते त्यांची मुले पोहायला शिकतातच. ज्यांना परवडत नाही ती पोरे उन्हाळ्यात खदानीत, कन्हानच्या डोहात किंवा एखाद्या तलावात उतरतात. तिथे ना जीवरक्षक, ना खोलीचा अंदाज. महिलांच्या स्वतंत्र बॅचचेही तसेच. सार्वजनिक तलाव बंद झाला तर अनेक मुली आणि गृहिणींसाठी पोहणेच बंद होते.

नागरिकांनी काय विचारावे?

मनपात असा प्रस्ताव प्रशासनाकडून १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे किंवा महासभेकडे जातो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासक आले, तेव्हा असे निर्णय सभागृहातल्या चर्चेविना होत होते. सभागृह असते तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हे प्रश्न द्यावेत:

- संरचनात्मक तपासणी झाली का? अहवाल पाहायला मिळेल का?
- दुरुस्ती आणि पुनर्बांधणी या दोन्हींचा, २० वर्षांच्या चालवण्याच्या खर्चासह, तुलनात्मक हिशेब केला आहे का?
- तलाव कंत्राटाने दिल्यास शुल्काची कमाल मर्यादा, मनपा शाळांच्या मुलांसाठी वेळ आणि महिलांची बॅच करारात आहे का?
- जीवरक्षक आणि पाणी तपासणीची जबाबदारी कोणाची?
- काम चालू असताना पोहणाऱ्यांची सोय कुठे, आणि तलाव पुन्हा उघडण्याची तारीख कोणती?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. तारीख ठरलेली नसेल, तर ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी चौथा पर्याय ठरते, आणि त्यावर सभागृहात कधी मतदानही झालेले नसते.