विधवेला निराधार कोणी केले?

भूमच्या तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज घेऊन ताटकळणाऱ्या बायका आपण नेहमी पाहतो. महिना १५०० रुपये. त्यासाठी वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो! पण आम्हाला बोलायचे आहे ते ‘निराधार’ या शब्दाबद्दल. या बाईला आधार नव्हताच, की तो काढून घेतला गेला?

पेशवाईत पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्याला धर्मादाय म्हणत. त्याच पुण्यात ब्राह्मण विधवेचे केशवपन होई आणि ती गरोदर राहिली तर तिच्यापुढे विहीर नाहीतर बाळाचा गळा एवढेच उरे. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शूद्र-अतिशूद्रांत पाट लागत होते, म्हणजे हे दुखणे मुख्यतः वरच्या जातींचे. तरीही बाळंतपणे झाली ती एका माळ्याच्या आसऱ्याने. तिथे १८७४ मध्ये जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेतले, डॉक्टर केले. नुसती भाकर दिली नाही, नाव आणि वारसा दिला.

तरी विधवाश्रम म्हटले की अनेकांना आधी हिंगणेच आठवते. कर्व्यांचे कष्ट आम्ही नाकारत नाही. पण त्यांची संस्था १८९६ ची, म्हणजे ३३ वर्षांनंतरची, आणि तिचे दार सुरुवातीला उच्चवर्णीय विधवांसाठीच होते. पंडिता रमाबाईंनी मात्र त्याच सुमाराच्या दुष्काळात केडगावला सर्व जातींच्या पोरक्या मुली आणि विधवांना जवळ केले.

आश्रम लागतातच का, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून योजलेली साधने आहेत, असे त्यांनी मांडले. म्हणजे विधवेची दैना हा नशिबाचा खेळ नव्हता, ती जात टिकवण्याची किंमत होती. म्हणूनच ते आश्रम काढत बसले नाहीत. त्यांनी हिंदू कोड बिलात विधवेला आणि मुलीला मालमत्तेत वाटा मागितला. बिल अडवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने विधवा आपल्या हिश्शाची पूर्ण मालक झाली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्याच वस्तीत अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून निराधारचे अर्ज भरून देणाऱ्या आपल्या पोरांना आमचे सांगणे आहे. अर्ज जरूर भरा, तो हक्कच आहे. पण त्याच वेळी सातबारा काढून पाहा. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि फेरफारात बाईचे नाव चढेपर्यंत पाठ सोडू नका. जमीन नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना आठ कोणाच्या नावावर आहे ते बघा.