बेंगळूरचे सेंट जोसेफ आणि बदलीवाले पालक

इ. स. १८८२ मध्ये पॅरिसच्या परदेशी मिशनच्या फ्रेंच धर्मगुरूंनी बेंगळूर येथे सेंट जोसेफ कॉलेज स्थापिले, ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांच्या उच्च शिक्षणासाठी. आज तेथे आपली मुले शिकतात, आणि घरी देव्हारा असलेला पालक त्यांच्या फीसाठी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो. इंग्रजीचा मोह, शिस्तीचा लौकिक ही कारणे सर्वश्रुत आहेत. ती खोटी नव्हेत, पण अपुरी आहेत. १९३७ साली हे कॉलेज जेझुइटांच्या हाती गेले, १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले, २०२२ साली कॉलेजाचे विद्यापीठ झाले. ज्ञानदान मात्र त्याच शहरी चालू राहिले. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या माणसाला या स्थैर्याचेच मोल अधिक वाटते. आमच्या कचेरीतील एक वडीलधारे गृहस्थ मुलीला तेथे ठेवून स्वतः बदलीवर नागपुरास गेले. मुलगी कानडी सफाईने बोलते. घरी लिहिते ते मात्र इंग्रजीत. बदल्यांच्या पायी तिचे मराठी कच्चे राहिले, याची त्यांना खंत आहे. तरीही पुढील सत्राची फी त्यांनी मुदतीपूर्वीच भरली.