स्वतंत्रपूर : माणदेशातला बिनभिंतींचा तुरुंग

इथे शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना ‘सोत्झियालश्टुंडन’ हा शब्द ठाऊक असतो. एखाद्या पोराच्या हातून गुन्हा घडला, तर न्यायाधीश त्याला कोठडीऐवजी ठरावीक तास लोकोपयोगी काम करायला लावू शकतात. पण शिक्षेकडे असं पाहण्याची रीत फक्त युरोपची, असं समजू नका. तिचं एक जवळचं नातं आपल्या दुष्काळी माणदेशातही आहे.

आज सांगली जिल्ह्यात असलेलं आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कल्पना होती मॉरिस फ्रीडमन या वॉर्सात जन्मलेल्या, गांधीजींच्या विचाराने भारावलेल्या ज्यू इंजिनिअरची. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे बायकामुलांसह राहत आणि शेती करत. शिक्षा माफ झालेली नव्हती. फक्त भिंत काढून तिच्या जागी विश्वास ठेवला होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, वसाहत मात्र टिकली.

त्याच तालुक्यातल्या शेटफळेचे ग. दि. माडगूळकर यांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. आटपाडीची गोष्ट जर्मनीत अशी पोचली!

जर्मनीत आजही हा प्रश्न गरिबाच्या दाराशी येतो. विनातिकीट प्रवासाचा दंड कोर्टाने ठोठावला आणि तो भरता आला नाही, तर तुरुंग वाट्याला येतो. त्याऐवजी विनामोबदला काम करून दंड फेडता येतो. पूर्वी दंडाच्या एका दिनमानाला एक दिवस कैद होती. फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिनमानांना एक दिवस झाली.

भारतातही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आणली. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि ऐवज परत केला, तर ती मिळते.

तुरुंगात गेलेल्याची नोकरी जाते, घर मोडतं आणि न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याची मुलं भोगतात. स्वतंत्रपुरात मुलं बापाजवळ राहिली. काम ही सवलत आहे की शिक्षा, असा वाद घरात निघाला, तर मुलांना आटपाडीची ही गोष्ट जरूर सांगा.